डबा कसा संपला

वैद्यांकडे नंबराची वाट पाहत मी नेमाचा जप करत होते; पण कान काही मिटता येत नाहीत. शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी शिवणकाम करणारी, बोटाला पट्टी बांधलेली.

"पाय हलवू नकोस गं, अख्खा बाक हलतोय."

"ताई, नंबर कधी येणार? संध्याकाळी गिऱ्हाइकाचे कपडे द्यायचेत."

"काल मशीनवर डोळा लागून सुई बोटात घुसली, तरी कपडेच! थकव्यावर अश्वगंधा दिली होती ना वैद्यांनी? रात्री दुधातून घ्यायला?"

"संपली."

"एवढा डबा? इतक्यात?"

"सासूबाई म्हणाल्या, मलाही थकवा आहे. मग मामंजी म्हणाले. मग हे म्हणाले."

"आणि गुण?"

"आला की! सगळे ढाराढूर झोपतात."

"अगं, पण तू?"

"मी त्यांचं दूध तापवते, पेले घासते, मग मशीनवर बसते. माझ्या वेळेला डबा नुसता खरवडायचा."

"तोंड नाही का तुला? आता वैद्यांना तरी खरं सांग."

"सांगणार आहे ना."

"काय सांगशील?"

"या वेळी डबा मोठा द्या म्हणून."