स्टेशनपासून सात मिनिटे

माझं गाव कणकवलीच्या वर, डोंगराच्या अंगाला, आणि माझा बाप टपालाची पिशवी खांद्यावर टाकून ह्या गावातून त्या गावात पळायचा, म्हणजे सरकारी भाषेत तो नोकरीला होता आणि आमच्या भाषेत तो सदा घराबाहेर होता. त्याच्या मागून पळून पळून माझे पाय तसे झाले. हळू चालायचं मला कधी जमलंच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते ह्या पायांमुळे झालं, दुसऱ्या कुणाचा दोष नाही, आणि असला तरी तो मोठ्या माणसांचा, तो कोण मोजतो.

मुंबईला आलो बोटीने. घाटकोपरला चाळीत एक खोली, तीत मी आणि माझी थोरली बहीण. तिला आम्ही बाय म्हणायचो. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, अंगाने भरलेली, आणि उजवा गुडघा लहानपणी झाडावरून पडून आखडलेला तो आखडलेलाच. जीभ मात्र कुठे आखडलेली नव्हती. मला नोकरी लागली एका कंपनीत शिपायाची. कंपनी काय करायची, तर जमिनीचे तुकडे पाडून कारखानदारांना विकायची. स्वातंत्र्य येऊन पाचसहा वर्षं झाली असतील. जागा भांडुपकडे, आग्रा रोडच्या अंगाला, आणि तेव्हा तिथे गवत, म्हशी आणि आमच्या कंपनीची पाटी एवढंच होतं.

साहेबांच्या खोलीत भिंतभर नकाशा. कुणी शेठ आला की साहेब छडी घेऊन उभे राहणार, हे बंदर, ही रेल्वे, हा आग्रा रोड, तो सांताक्रूझचा विमानतळ, आणि सगळ्यांच्या मधोमध आपली जमीन. काय सांगू तुम्हाला, तो नकाशा बघून वाटायचं की देवाने आधी ही जमीन केली आणि मग तिच्या सोयीसाठी बाकीची मुंबई वसवली. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा, मलासुद्धा पटायचं.

मग साहेबांनी एक पुस्तिका छापायची काढली, गुळगुळीत कागदाची. तीत सगळं हवं, बंदर किती मैल, वीज कुठून, पाणी कुठून. आणि कामगार स्टेशनवरून किती मिनिटांत येणार ते हवं. साहेब म्हणाले, सहदेव, हे घड्याळ घे आणि चालून ये. मी गेलो. माझ्या हातात पहिल्यांदा घड्याळ, त्यात साहेबांचं, मग काय, गवतातून सरळ रेघ मारल्यासारखा सुटलो. सात मिनिटं. साहेब खूश, म्हणाले, शाब्बास, हेच छापू. छापलं. स्टेशनपासून सात मिनिटे. पुस्तिकेत माझं नाव कुठे नव्हतं, पण ती ओळ माझी होती, चाळीत सगळ्यांना दाखवली. बाय म्हणाली, मेल्या, एवढो धावलंस तो वाघ लागललो काय मागे?

त्या पुस्तिकेवर पहिला मासा लागला तो पंख्यांचा कारखाना. इमारत उठली, भोंगा बसला, आणि कारखान्याच्या दारापर्यंत रेल्वेचा स्वतंत्र फाटा आला, माल थेट डब्यातून गोदामात. साहेबांनी त्या फाट्याला हार घातला, भाषण केलं, रुळांना हार घालणारा माणूस मी तो एकच बघितला. आता गंमत बघा, तो फाटा बरोबर माझ्या सात मिनिटांच्या वाटेवर आडवा पडला. गवतातली सरळ वाट गेली. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, मध्ये फाट्यावरचं फाटक. पण पुस्तिकेत सात ते सातच.

बायला तिथे लागली नोकरी, खोकी बांधायच्या खात्यात. तिची पहिली नोकरी, चाळीत ताठ चालायला लागली, गुडघ्यासकट. कारखान्याचा मॅनेजर हिशेबी माणूस. सकाळची गाडी भांडुपला आली की सात मिनिटं चालायची, तीन मिनिटं हजेरीची, दहाव्या मिनिटाला भोंगा आणि दार बंद. तीनदा दार बंद मिळालं की नाव कमी. आधीची गाडी पाऊण तास आधी, आणि त्याच वेळी चाळीतला नळ, मग पाणी कोण भरणार. बायचं दोनदा झालं होतं. तिसरी वेळ कधी येते म्हणून ती घरात बोलेनाशी झाली, आणि बाय बोलत नाही म्हणजे काय, ते आमच्या चाळीला विचारा.

एक दिवस साहेबांची चिठ्ठी घेऊन मी सकाळच्या त्याच गाडीने कारखान्यात निघालो. बघतो तर कारखान्यातल्या बायका रस्त्याकडे वळल्याच नाहीत, बायही त्यांच्यात. सगळ्या गवतातून सरळ फाट्याकडे. फाट्यावर मालाचे डबे उभे, लांबच लांब. एकेक बाई वाकून डब्याखालून पलीकडे. मी हाक मारली, बाय, थांब गे. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. जेवणाचा डबा कमरेला बांधला, पदर खोचला आणि वाकली. दुसऱ्यांचं दोन पावलांत व्हायचं, हिचा गुडघा वळत नाही, ती एक पाय फरफटत. तेवढ्यात पार त्या टोकाला इंजिन जोडलं असणार. धाड, धाड, धाड असा आवाज एकेका डब्यातून आमच्याकडे येत होता, आणि माझे हे पाय, ज्यांची पुस्तिका झाली, ते जागचे हलले नाहीत. पलीकडून दोघींनी तिला दंडाला धरून ओढली. डबे हातभर सरकले. तिचा जेवणाचा डबा रुळावर राहिला, तो चपटा झाला. बाय उठली, लुगडं झटकलं आणि दाराकडे गेली. भोंगा व्हायचा होता ना.

मी तडक मॅनेजरसमोर. म्हटलं, साहेब, ती सात मिनिटं खोटी आहेत. तो म्हणाला, छापलेलं आहे. म्हटलं, छापलेलं आहे, पण ते माझे पाय आहेत, माणसांचे नाहीत. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फोन उचलला. शेजारचा तुकडा त्याच्या मालकाचा मेहुणा घेणार होता, त्यामुळे आमचे साहेब तासाभरात मोटारीने हजर. मॅनेजर म्हणाला, वाद कशाला, घड्याळ लावू, हा माणूस स्टेशनवरून चालेल, आपण मागे. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, सहदेव, तेव्हा चाललास तसाच चाल. उद्यापासून तू हेडशिपाई.

दुपारची वेळ, फाटा रिकामा, वाट मोकळी. चाललो असतो तर सात काय, साडेसहात पोचलो असतो, आणि खोटंही झालं नसतं. स्टेशनच्या पायरीवर मॅनेजर म्हणाला, हं. आणि मी रस्त्याकडे वळलो.

साहेब म्हणाले, अरे इकडून कुठे, वाट तिकडे आहे. म्हटलं, सकाळी तिथे डबे असतात. आणि मी बायसारखा चालायला लागलो. उजवा पाय ताठ, एक पाऊल, मग दुसरं ओढून. सोपं नाही बरं ते, जो कधी हळू चालला नाही त्याला घाम फुटतो. मागे साहेबांचे बूट करकर वाजत होते. सात मिनिटं झाली तेव्हा आम्ही निम्म्यातसुद्धा नव्हतो. साहेब दातांतल्या दातांत म्हणाले, सहदेव, तुझी नोकरी चालली हो ही. मी म्हटलं, चालली, पण हळू. पुढे इंजिन येत होतं म्हणून फाटक पडलं. तिघंही उभे. मॅनेजर म्हणाला, हा वेळ धरायचा नाही. म्हटलं, नका धरू, पण बायकांना सांगा. तो रुमालाने मान पुसत राहिला. कारखान्याच्या दाराशी पोचलो तेव्हा त्याने घड्याळ साहेबांपुढे धरलं. फाटकासकट एकोणीस मिनिटं.

सोमवारी फळ्यावर नोटीस लागली, सकाळची गाडी आल्यावर बावीस मिनिटांनी दार बंद होईल, वाहतुकीच्या सोयीचा विचार करून. कुणाच्या ते लिहिलं नव्हतं. मला मात्र साहेबांनी चाललो त्याच दिवशी संध्याकाळी काढलं होतं. पुस्तिका परत छापली, तीत आता स्टेशनच्या नजीक एवढंच होतं. नजीकला घड्याळ लागत नाही.

मला काढून टाकलं हे बायला सांगितलं तर ती चिडली, म्हणाली, तुका कोणी सांगल्यान, मी बघून घेतलं असतं. त्या दिवशी डब्याखाली काय झालं ते ती कधी बोलली नाही, मीही काढलं नाही. मी चारपाच महिने घरी बसलो, तिच्या पगारावर जेवलो, नळावर पाणी मी भरलं, मग एका छापखान्यात लागलो. बाय रिटायर होईपर्यंत त्याच खात्यात खोकी बांधत राहिली. म्हातारी झाली, आंधळी झाली, शिव्या देत राहिली, आणि गेल्या वर्षी आपल्या अंथरुणात गेली, हातीपायी धड. मी तिचे पाय पुसले तेव्हा दोन्ही जागेवर होते. मला तेवढं पुरे आहे. तुमचेही राहोत. आता चहा घ्या, गार होतोय.