गवत कसंय?

...नाही, मी काय म्हणतो, माणसाने आधी माणसाची चौकशी करावी की गवताची? तुम्हीच सांगा! आमची ही गेलीये मुलीकडे, बाळंतपणाला. "उन्हाळा संपला की येतेच हो," म्हणाली. बाळ झालं, बसायला लागलं, आता रांगतंय... आणि ही तिकडेच! रोज फोन येतो, मी घसाबिसा साफ करतो, म्हटलं आज तरी विचारेल, जेवलात का, झोप लागते का... छे! पहिला प्रश्न काय? "अहो, गवत कसंय?"

लॉन तिचं हो! माझा संबंध खुर्ची टाकून पेपर वाचण्यापुरता. पण निघताना टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय आणि ही गेटपाशी उभी, "रोज शिंपडत बसू नका, अधूनमधून पण भरपूर पाणी द्या, मुळं खोल गेली पाहिजेत. आणि उन्हाळ्यात बुटकं कापू नका, ऊन लागतं त्याला!" त्याला ऊन लागतं! आणि ते मशीन ढकलणाऱ्या मला काय, चांदणं लागतं?

पण शिकलो, तुम्हाला सांगतो, इरेला पेटून शिकलो. पावसात तण माजलं तर गुडघे टेकून मुळासकट उपटलं, पाणी साचलं तिथे ते मुरावं म्हणून सळई खुपसून भोकं पाडली... लॉन असं झालं की येणारेजाणारे थांबून बघायचे! पाठवला फोटो. खूश झाली. "अगंबाई, किती छान! मला उगाच घोर लागला होता. मग राहते हो मी अजून थोडी."

घ्या! घाम गाळून, स्वतःच्या हाताने मी माझी बायको लांबवली!

शेजारी दातांचे डॉक्टर राहतात. म्हणाले, "काका, चुकलातच तुम्ही. दुखल्याशिवाय कोणी येतं का आमच्याकडे?" पटलं! पाणी बंद, मशीन अडगळीत. जीव तुटायचा हो, खिडकीकडे पाठ करून चहा प्यायचो. थंडी पडली आणि लॉन पिवळंजर्द, जुन्या केरसुणीसारखं! पाठवला फोटो, खाली अक्षर लिहिलं नाही. आणि लागलो घर आवरायला. चादरी बदलल्या, तिची उशी उन्हात टाकली, उशीला बोललोसुद्धा, "येतेय हं ती..." हसू नका!

फोन आला. "अहो..." आवाज इतका हळवा! म्हटलं, काढलं हिने तिकीट!

"गवत पिवळं पडलं म्हणून घाबरलात ना? वेडेच आहात. थंडीत झोपतं हो ते. मुळं जिवंत असतात, ऊब आली की उठेल आपोआप."

झालं! ते झोपलंय आणि मी इथे टक्क जागा! तुम्हाला सांगतो, ओठांवर आलं होतं, अगं, घर खायला उठतं, तुझी फार आठवण येते, ये ना आता... आणि तोंडातून काय निघालं? "मग मी काय करू?"

"काही नाही. पाणी नको, खत नको, त्यावर फार चालू नका. नुसती वाट बघायची." आणि मागे बाळ रडलं, ही धावली, फोन बंद.

नुसती वाट बघायची म्हणे... आता यात बाई, तू मला काय शिकवणार!