पुलापलीकडची लुडविना

...आणि वर मलाच म्हणतात, ओर्नेलिओ, तू फार बोलतोस! अहो, मला बोलू देतंय कोण? बसा तुम्ही, बसा, सावलीत सरका जरा. पण मला सांगा, ज्या माणसानं एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि एकतीस वर्षांत एक पोर मध्ये बोललं नाही... बरं, निम्मी झोपलेली असायची, पण बोलली नाहीत ना? त्या माणसाला स्वतःच्या घरात एक वाक्य पुरं करता येऊ नये?

आता तुम्हाला सांगतो, माझी हुकमी गोष्ट एकच. म्हणजे गोष्टींना तोटा नाही, आमच्या या विलेमस्टाड गावात दगड उचलला की खाली गोष्ट, पण माझी म्हणावी अशी एकच. गव्हर्नरच्या डोकेदुखीची. म्हणजे असं म्हणतात हं, की पूर्वी आमच्या गावातली सगळी घरं पांढरी होती, भिंतींवर ऊन पडायचं आणि गव्हर्नरसाहेबांचं डोकं उठायचं, म्हणून त्यांनी हुकूम काढला, पांढरा बंद, पिवळा लावा, निळा लावा, काय वाटेल तो लावा, आणि गाव रंगलं आणि पुढं काय, तर... इथं मी थांबतो. थांबायचंच असतं इथं! घोटभर पाणी प्यायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. आणि नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरातून, बकऱ्याच्या रश्श्यावर झाकण ठेवता ठेवता, आमची लुडविना म्हणते, "रंगाचं दुकान त्याचंच होतं."

संपलं! अडतीस वर्षांचा संसार, पण या गोष्टीचा शेवट मी एकदा सांगितला असेल तर शपथ. धाकट्या लेकीच्या लग्नात पाद्रीबुवांसमोर तेच. माझ्या निवृत्तीच्या समारंभात, माईक माझ्या हातात, आणि तिसऱ्या रांगेतून ही, विनामाईक! मला बोलू देतंय कोण?

म्हणून तर ही पायी फेरी काढली. लोकांना वाटतं, निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून. छे! दर शनिवारी तीन तास, आठ-दहा पाहुणे, अलीकडच्या काठावर पुंडाच्या किल्ल्यापासून निघायचं, पूल ओलांडून पलीकडं ओत्रोबांडाच्या गल्ल्यांत शिरायचं, आणि सुरुवातीलाच हातात छापील कागद द्यायचा. त्यावर नियम पहिला, प्रश्न शेवटी. नियम दुसरा, मध्ये बोलू नये. तिसरा नियमच नाही. कोणासाठी छापला होता तो कागद, तुम्हीच ओळखा. आणि ती? दोन वर्षं म्हणत होतो, एकदा ये, फक्त एकदा. कधी हिचे गुडघे, कधी चर्च, कधी गॅसवर काहीतरी. तिनं मला एकदा शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच हवं होतं हो मला. म्हातारपणी माणूस आणखी काय मागतो?

आणि मागच्या महिन्यात एका शनिवारी आली! पिवळी छत्री, भली मोठी पिशवी, पिशवीत सगळ्यांना पुरतील इतके पास्तेची, म्हणजे खिमा भरून तळलेल्या करंज्याच. म्हणाली, "बघते तरी, तीन तास काय सांगतोस लोकांना." मी तिच्याही हातात कागद दिला. तिनं तो घडी घालून पास्तेचीखाली धरला, तेल गळू नये म्हणून.

पण गप्प राहिली! किल्ल्यात गप्प, ज्यूंच्या सिनेगॉगपाशी गप्प. मला तर काय अंगात आल्यासारखंच झालं. आवाज लागला, हातवारे सुचायला लागले, दोन सनावळ्या चुकल्या असतील पण ठसक्यात चुकल्या. आणि पुढं पूल. आता आपला पूल तुम्हाला मी काय सांगू, जहाज आलं की अख्खा बाजूला सरकतो, घंटा होते, तान्हं पोरसुद्धा जागच्या जागी थांबतं. मी पुढं चालतोय, मागं न बघता बोलतोय, कारण डोक्यात एकच, पलीकडच्या काठावर जाऊन वळायचं, समोर पाण्यापलीकडं रंगीत घरांची रांग, आणि तिथं गोष्ट सांगायची. मागून कोणीतरी हाक मारली. मी न वळताच हात वर केला. प्रश्न शेवटी.

पोचलो. घरांकडं तोंड केलं, डोळे मिटले आणि सांगितली. कशी सांगितली म्हणून सांगू! ऊन, डोकं, हुकूम, आणि मग थांबलो. पाणी प्यायलो. मागं टाचणी पडेल तर ऐकू येईल अशी शांतता. अडतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी काही बोललं नाही. म्हणालो, "आणि मंडळी, रंगाचं दुकान... त्याचंच होतं."

वळलो. मागं एक पेलिकन आणि फळांच्या गाडीवरचा सेरापिओ.

सेरापिओ कलिंगड कापता कापता म्हणाला, "गोष्ट छान आहे मास्तर, पण ऐकवताय कोणाला?"

पुन्हा पाण्याकडं बघतो तर पूल उघडलेला, मध्ये हे एवढं पाणी, पुलावर निळा बावटा. निळा म्हणजे मोठं जहाज, अर्ध्या-पाऊण तासाची निश्चिंती. आणि पलीकडं माझे नऊ पाहुणे, पुढं लुडविना, रेल्वेच्या फाटकासारखी छत्री आडवी धरून. तिनंच अडवलं होतं सगळ्यांना, घंटा झाली तेव्हा. हाकही तिनंच मारली होती.

आता मला बोट लागते. हसू नका, तीन मिनिटांचीसुद्धा लागते. पण जबाबदारी होती, म्हणून देवाचं नाव घेऊन, पूल उघडला की लोकांना पार नेणारी होडी असते तिच्यात चढलो आणि डोळे मिटले. मधोमध हसण्याचा आवाज आला म्हणून उघडले, तर समोरून दुसरी होडी उलट्या दिशेनं चाललेली, तिच्यात माझे नऊच्या नऊ पाहुणे पास्तेची खातायत आणि मधोमध उभी राहून लुडविना काहीतरी सांगतेय. मी जिवाच्या आकांतानं हात हलवले. त्यांनीही हलवले, आनंदानं. एका डच बाईनं तर फोटो काढला.

पुंडाला उतरलो, कठड्याला धरून पोटाशी दोन शब्द बोललो, पुन्हा होडी, पुन्हा ओत्रोबांडा. आणि मग हसण्याचा माग काढत काढत गल्लीत शिरलो तर कुठं, तिच्या माहेरच्या दारात! मी एका खांबाआड उभा राहिलो. म्हटलं, आता मध्ये बोलून हिला नियम दाखवावा का?

ती सांगत होती, "याच जिन्यावर मी बसायचे. माझे वडील बंदरात जहाजांना वाट दाखवायच्या बोटीवर होते. कुठलं जहाज किती वाजता आत येणार, ते जेवताना सांगायचे. म्हणजे पूल कधी उघडणार ते मला आदल्या दिवशीच ठाऊक. आणि बरोब्बर त्याच वेळेला मी ओर्नेलिओला भेटायला बोलवायचे. तो पलीकडं अडकायचा. होडीत काही चढत नाही, बोट लागते. म्हटलं, बघू तरी, थांबतो का जातो."

डच बाईनं विचारलं, मग? थांबला?

"सात महिने," लुडविना म्हणाली. "हातातलं आइस्क्रीम वितळून कोपरापर्यंत यायचं, पण थांबायचा. मग मी हो म्हटलं."

आता तुम्हीच सांगा! सात महिने मी त्या पुलाला शिव्या दिल्या होत्या! मला वाटायचं, माझं नशीबच फुटकं. आणि अडतीस वर्षं माझ्याच ताटात वाढणाऱ्या बाईनं हे... मी खांबाआडून बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे मला कधीच का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "किती वेळा सांगायला घेतलं. तूच प्रत्येक वेळी मध्ये बोललास."

नऊ पाहुणे खाली बघायला लागले. आणि मी, ज्यानं एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यानं नियमांचा उरलेला कागद चुरगळून खिशात घातला. उरलेली फेरी तिनंच नेली. मी शेवटी, सगळ्यांच्या मागं, ऐकत. आणि वाईट वाटतं म्हणायला, पण छान सांगते हो ती.

तेव्हापासून शनिवारची फेरी तिची. पाटीवर नाव अजून माझंच आहे, लोक पाटी वाचून येतात आणि लुडविनाबाई कुठायत म्हणून विचारतात. मागं कोणी राहू नये, हे बघायचं काम माझ्याकडं. तेवढं जमेल म्हणाली.

ते बघा, पाण्यापलीकडं, पिवळी छत्री दिसतेय? तीच ती. बरोबर अकरा पाहुणे. सगळे सुखरूप पोचले, एक मी सोडून. घंटा झाली होती म्हणे मघाशी. झाली असेल हो... मी तुमच्याशी बोलत होतो.