निझव्याला येणाऱ्या मायलेकी

मी फिलोमिना, वसईकडची, वडिलांची केळीची वाडी होती, आणि जेवताना बोलायचं नाही असा डॅडींचा नियम, म्हणून की काय मी जन्मभर जेवण बनवताना बोलतच आले. लग्न झालं तशी मस्कतला आले, नवरा हॉटेलात, मी पण हॉटेलच्या किचनमध्ये, पोरं अल् घुब्राच्या शाळेत शिकून कॅनडाला गेली, नवरा देवाघरी गेला, मग ओळखीचा एक ओमानी अर्बाब, म्हणजे मालक, तो बोलला, निझव्याला, मस्कतहून दोन तासांवर, माझ्या आजोबांचं मातीचं घर आहे, पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात, तू किचन सांभाळ. मी बोलले यल्ला, चल. वसईला जाऊन तरी कोणाशी बोलणार होते.

आता रशियन लोक खूप येतात. पहिले मला वाटायचं, हे हसत नाहीत म्हणजे माझं जेवण आवडलं नाही, पण तसं नाही, ते उगाच हसत नाहीत एवढंच. तर त्यातल्या या दोघी, आई गालिना, माझ्याच वयाची, आणि मुलगी लेना. काय सांगू तुम्हाला, लढाई सुरू झाली तेव्हा लेना काहीतरी उघड बोलली आणि देश सोडून निघाली, परत गेली तर धरतील ही भीती, म्हणून दोघींनी असा देश शोधला जिथे आईला व्हिसाची कटकट नाही. आठवडाभर भेटायचं, पुन्हा कधी ते देवाला माहीत. असा आठवडा मिळाला तर माणसाने गळ्यात पडावं की नाही? या दोघी भांडत होत्या.

लेना मला सगळं इंग्लिशमध्ये सांगायची, आई फोनमध्ये बोलायची आणि फोन ते हिंदीत बोलून दाखवायचा. लेना बोलायची, आमच्याकडे मत देणं म्हणजे नुसतं नाटक, आम्हाला विचारतो कोण. आई बोलायची, तुझी ती लोकशाही आली तेव्हा तू पाळण्यात होतीस, माझ्या फॅक्टरीने पगाराऐवजी कढया दिल्या, त्या रस्त्यावर विकून मी तुला दूध पाजलं, बाहेरचे देश तेव्हा टाळ्या वाजवत होते, आता आम्ही ताठ उभे राहिलो तर त्यांना खुपतं. मग मला मध्ये ओढायच्या. आई बोलायची, इथे बघ, सुलतान आहे, रस्ते स्वच्छ, सगळं शांत. लेना बोलायची, मग फिलोमिनाला विचार, तिच्या देशात ती मत देते ना. मी बोलले, बायांनो, मी मतासाठी विमानाचं तिकीट काढत नाही, आणि इलेक्शन आलं की आमच्या फॅमिली ग्रुपवर माझा भाऊ आणि भाचा एकमेकांना ब्लॉक करतात, मला विचारू नका, भात निवतोय.

एका सकाळी गालिना एकटीच किचनमध्ये आली, मी चपात्या लाटत होते. फोनमध्ये बोलली, टीव्हीवाले खोटं सांगतात ते मला कळतं, मी वेडी नाही, पण माझ्या बहिणीचा मुलगा त्या लढाईत गेला, लेनाचं खरं मानलं तर तो कशासाठी मेला, बहिणीला मी काय तोंड दाखवू. मला रडूच आलं. मी बोलले हे लेनाला सांग. ती बोलली नको, ती यावरूनही मला शिकवेल.

त्याच दुपारी दोघींचं पुन्हा वाजलं आणि लेनाने बॅग भरली, मस्कतच्या हॉटेलात जाते बोलली. तेवढ्यात अर्बाबची म्हातारी आई पाहुण्यांसाठी कहवा, म्हणजे इथली वेलची घातलेली कॉफी, घेऊन आली, खजूर आणि ते छोटे कप, मग बॅग दारात ठेवून लेनाला बसावं लागलं. इथली रीत अशी की पाहुणा रिकामा कप हलवेपर्यंत ओतत राहायचं. गालिनाला ते ठाऊक नाही, नको बोललं तर घरच्या बाईचा अपमान, म्हणून ती पीत राहिली आणि म्हातारी ओतत राहिली, दोघींना चांगल्या वागण्याची हौस, मला हसू आवरेना. शेवटी मी माझा कप हलवून दाखवला, असं केलं की खलास. गालिनाने विचारलं, एवढंच? आणि कोणी रागावत नाही? कोणी नाही, मी बोलले. लेना पुटपुटली, आमच्या देशात तर लोकांना असं गप्प बसायला चांगलं शिकवतात. गालिनाने सरळ तिच्यासमोर कप हलवला. लेना बघतच राहिली, मग हसली, मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की म्हातारीने घाबरून तिलाही कहवा ओतला. बॅग मीच आत नेली.

म्हातारीने गालिनाला तो कप देऊन टाकला. तेव्हापासून दर थंडीत येतात, एरवी व्हिडिओ कॉल, लेना राजकारणावर आली की आई कप हलवते, लेना गप्प, मग जेवलीस का, थंडी किती, असलं बोलणं. बरं चाललंय की. मी पण आता भावाला कपाचा फोटो पाठवते, तो काही समजत नाही.

परवा लेनाचा फोन आला. बोलली, मावशी, मी तेच ते सुरू केलं, आईच्या हातात कप होता, आणि तिने हलवला नाही, मावसभावाचं बोलली, कशासाठी गेला ते सगळं बोलली. मी विचारलं, मग तू काय शिकवलंस? ती बोलली, काही नाही, मी नुसती ऐकत होते.

देव भलं करो दोघींचं. थंडीत येतायत, इन्शाल्ला, खोली मी धरून ठेवलीय. या वेळी कहवा मी ओतणार, आणि कोणी कप हलवेपर्यंत ओतत राहणार.