तंबूत तिसरं कोण

समुद्रकाठच्या किल्ल्यात रात्रीच्या मुक्कामाची परवानगी जिथे मिळते, त्या खिडकीपुढच्या रांगेत एक नर्सबाई उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक सासू आणि तिची सून.

"आई, तटावर वारा फार असतो. झेपेल ना तुम्हाला?"

"दोन वर्षं घरात कोंडून घेतलेलं झेपलं, मग वाऱ्याचं काय घेऊन बसलीस?"

"हे असते तर त्यांनीच तंबू ठोकला असता."

"त्याला भिंतीत खिळा धड ठोकता येत नव्हता. माझा मुलगा होता, म्हणून सांगते."

सून हसली.

"आई, एक सांगायचं होतं. आत गेल्यावर सांगणार होते."

"तुमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचं ना?"

नर्सबाई उगाच बुटाची नाडी बांधायला वाकल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांचा फोन आला की गच्चीवर पळतेस. मी म्हातारी झाले, बहिरी नाही."

"वाईट वाटलं का?"

"वाटलं. चार दिवस घास उतरला नाही. मग एकदा तू भांडी घासताना गुणगुणलीस. घरात पुन्हा कोणी गुणगुणेल, असं वाटलं नव्हतं मला."

"मी तुम्हाला सोडून जाणार नाही, आई."

"जायला कोण देतंय? त्यांनाच घरी आण. पण घोरतात का, ते आधी बघू दे. लाव फोन."

"आत्ता?"

"मग तंबू काय मी ठोकू?"

सून फोन कानाला लावून बाजूला झाली. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "किती जण?"

"तिघं. एक जण मागून येतोय."

"तंबू किती?"

"एकच," सासूबाई म्हणाल्या. "मधे मी झोपणार आहे."