फॉरेस्टची जमीन

आमच्या बाबांसमोर कधी काही ऑनलाइन बुक करू नका. आम्ही सिंगापूरमध्ये बुकित बातोकला राहायचो तेव्हाची गोष्ट. बाबा पुण्याहून आले होते आणि मी जूनमधल्या अमेरिकेच्या ट्रिपसाठी कोलोरॅडोत, दहा हजार फुटांवर, तंबू टाकायची जागा शोधत होतो. बाबा मागून आयपॅडमध्ये डोकावले.

"जमीन कोणाची आहे?"

"सरकारची. नॅशनल फॉरेस्ट आहे, बाबा."

संपलं! मुळशीजवळ घेतलेला आमचा प्लॉट फॉरेस्टच्या जमिनीत निघाला होता, तेव्हापासून त्यांनी त्या खात्याचा धसकाच घेतलाय. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"जागा कोणी डोळ्यांनी पाहिलीये?"

"फोटो आहेत ना."

"फोटो आमच्याही एजंटनं दाखवले होते. रस्ता?"

"कच्चा आहे."

"पाणी?"

"आपणच न्यायचं."

"वीज?"

"नाही."

"अगदी तस्संच आहे सगळं," बाबा म्हणाले.

माझी लेक वैतागली. "आजोबा, टू नाइट्स ओन्ली लाह!"

"बाळा, आम्हाला एक रात्रसुद्धा मिळाली नाही."

मी हट्टानं बुकिंग केलं. निघायच्या आठवडाभर आधी मेल आला: वरच्या रस्त्यावर अजून बर्फ आहे, त्यामुळे कॅम्पग्राउंड उघडलेलं नाही, बुकिंग रद्द. मी मुकाट्यानं तो बाबांना वाचून दाखवला.

त्यांनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही.

"बर्फाचं कारण दिलं का तुला? आम्हाला बिबट्याचं दिलं होतं."