गॅलरीखालचे आठ ब्रॅकेट

वर नाव लिहिलेला मी, वय ४७, धंदा अॅल्युमिनियम फिटिंगचा, राहणार पोहण्याच्या तलावामागची गल्ली, पोलीस ठाण्यात स्वतःहून येऊन सांगतो की,

तलावाच्या हॉलमधली पालकांची गॅलरी सहा वर्षांपूर्वी मी बसवली. ती आठ अॅल्युमिनियम ब्रॅकेटवर उभी आहे. साधा माल चालला असता, पण मीच हट्टानं जास्त ताकदीचा मिश्रधातू घातला. तो क्लोरीनच्या दमट हवेत ताणाखाली लवकर तडकतो, हे मला ठाऊक नव्हतं. अर्धवट शहाणपण नडलं.

दरवर्षी मी ब्रॅकेटवर आलेली पांढरी भुकटी घासून काढतो आणि वरून रंग देतो. गेल्या महिन्यात माझा मेहुणा, जो तिथे साफसफाई करतो, म्हणाला, "दाजी, रंगाला फोड आलेत, आत भुगा आहे." मी म्हणालो, "तुला कशाला नसत्या उठाठेवी? मार वरून दोन हात." त्यानं मारले.

आज सकाळी ११.१० ला तो गॅलरी पुसत असताना टोकाचा ब्रॅकेट तुटला. मेहुणा खाली फरशीवर पडला. मांडीचं हाड मोडलं. तलावाचे मॅनेजर म्हणतात, तो पिऊन होता आणि तोल गेला. साहेब, त्याला चहासुद्धा चढतो! तुटलेला तुकडा मी सोबत आणला आहे. तो जराही वाकलेला नाही. लोखंड आधी वाकतं, माणसाला सावध करतं. यात सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यातून चीर आत गेली आणि एकदम काडकन तुटला.

उरलेल्या सात ब्रॅकेटचा रंग मी खिळ्यानं खरवडला. त्यातल्या तीन ब्रॅकेटना केसाएवढ्या चिरा आहेत. मॅनेजरांनी तुटक्या टोकाला आडवी दोरी बांधली असून बाकी गॅलरीत आज संध्याकाळी पाच वाजताच्या पोहण्याच्या वर्गाचे पालक बसणार आहेत. मी हातापाया पडलो. "पोलिसांचं लेखी आणा, मग बघू," म्हणाले.

हवालदारसाहेबांनी मधे दोनदा बसायला सांगितलं. मला बसवत नाही. चूक माझी आहे, मेहुण्याची नाही, हे ठळक लिहावं. माझ्यावर काय गुन्हा लावायचा तो सावकाश लावा.

आत्ता पावणेपाच झाले आहेत. जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही चालत नाही असं कळलं. मग जीपमध्ये वाचा, मी तिथेच सही करतो. सांगितलं तेवढं सगळं खरं आहे. चला.